घरचे काळे

मलात्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वही ठेवा.
तुला सहीपुरतंच येतं, शाहिंदे,
म्हणून मी लिहितो.
माझं अक्षर म्हणजे कुंपणाची तार,
तरी तारीख टाकतो, वेळ टाकतो,
तू काय खाल्लंस ते,
आणि रात्री छातीत शिट्टी वाजली का, तेही.

मंगळवार. बुलगुर, कांदा. शिट्टी नाही.
बुधवार. वांगं, टोमॅटो, अर्धी भाकरी. शिट्टी नाही.
अर्धीच का, विचारलं.
भूक नव्हती म्हणालीस.

होती. मला ठाऊक आहे.
दही गुलिझार वहिनीनं काढून घेतलं तुझ्याकडून, थंड असतं म्हणून.
अंडं मशिदीजवळच्या हाजीनं.
काकडी माझ्या आईनं,
तीही शेवटच्या आजारात, बोट वर करून.
ज्याला त्याला तुझ्या ताटातलं काहीतरी हवंच होतं
आणि तू देत गेलीस,
श्वास उधार आणलाय
आणि हप्ते असेच फेडायचे, अशा समजुतीनं.
चार वर्षांत मनगटातल्या बांगड्या
कोपरापर्यंत सरकू लागल्या.
दमा होता तिथेच, बूड टेकून.

रविवार. सणाचा दुसरा दिवस.
पाहुण्यांनी शहरातून डबा आणला,
झाकणावर आपल्याच डोंगराचं चित्र.
आत सोनेरी जर्दाळू.
एक तू खाल्लास.
दुसरा, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही.
तिसरा हातात होता
तेव्हा तुझे खांदे कानांपर्यंत आले.
पंप उशीखाली होता. नेहमी तिथेच असतो.
मी फडताळातली भांडी उपसत होतो.

डॉक्टरांनी पानं उलटली, मग मागे नेली,
चार तारखांखाली रेघ ओढली:
सण, साखरपुडा, हजहून आलेल्यांची भेट, पुन्हा सण.
म्हणाले, या फळाला हा रंग कशानं येतो?

मला विचारलं.
एकवीस उन्हाळे ज्यानं ती कोठडी पेटवली, त्याला.
थाळीत गंधक, गंधकाला ठिणगी,
दाराच्या फटी मातीनं लिंपायच्या, रात्र जाऊ द्यायची.
सकाळी दार उघडलं की डोळ्यांना धारा
आणि फळं अशी, की नवरीनं अंगावर घालावीत.
नुसत्या उन्हात वाळवली तर काळवंडतात, सुरकुततात;
व्यापारी निम्मा भाव सांगतो, वर तोंड वाकडं करतो.
ती काळी आपण घरात ठेवतो. पाहुण्यांपुढे कधी ठेवली नाहीत.
तुला मी त्या कोठडीकडे फिरकू दिलं नाही.
वाटायचं, धूर दारात अडतो.
तो फळात बसून उंबरा ओलांडत होता,
तबकातून, मानानं.

सगळ्यांचं असं नसतं, डॉक्टर म्हणाले, हिचं आहे.
दही खा. अंडं खा.
काकडीनं काय घोडं मारलं होतं?
पंप मात्र सोडायचा नाही.
काळा जर्दाळू म्हणजे औषध नव्हे,
उद्या गावभर तसं सांगत फिराल.
तू हसलीस. मग खोकलीस. मग पुन्हा हसलीस.

घरी आल्या आल्या, डोक्याचा रुमालही न सोडता
दह्याचं पातेलं काढलंस
आणि उभ्यानंच खाल्लंस, बोटांनी.
मी ते वहीत लिहिलं नाही.

यंदा दोन झाडांची फळं छपरावर पसरली.
बाकी अडुसष्ट झाडांची कोठडीत गेली.
ट्रॅक्टर जुना आहे, मुलगी अंकाराला शिकते,
आणि मी काही संत नाही.
पण दार लिंपताना हात थांबतो हल्ली.
कुठल्यातरी देशात कुणीतरी डबा उघडत असेल,
झाकणावरचा डोंगर बघत असेल.
त्याच्या उशीखाली पंप असू दे.
घरच्यांना जागा माहीत असू दे.

शुक्रवार. घरचे काळे, चार. दही, वाटीभर.
बिया तू दगडावर फोडल्यास, निम्म्या मला दिल्यास.
शिट्टी: रात्र व्हायची आहे.